वासंतीबाईंच्या घरातल्या पिसवा

कोथरूडला लोक अजून गाव म्हणत होते तेव्हा वासंतीबाई त्या घरात थोरली सून म्हणून आल्या. दोन-तीन वर्षांनी धाकट्या दिरासाठी कसबा पेठेतली प्रेमला करून आणली, आणि त्या दिवसापासून वासंतीबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. डॉक्टरला दाखवण्यासारखं दुखणं हे नव्हे. प्रेमलाच्या साडीला कुणी छान म्हटलं की दुखे. प्रेमलाच्या कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली की दुखे. आणि काहीच झालं नाही, ती नुसती हसतमुखानं समोरून गेली, तरी दुखायचंच.

तसं बघायला गेलं तर कामाला वासंतीबाईंसारखी बाई अख्ख्या आळीत नव्हती. शेतावरच्या गड्यापासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांच्या ताटात पडणारी भाकरी त्यांच्या हातची. सासू ती भाकरी पोटभर खायची, हात धुवायची आणि म्हणायची, "प्रेमले, ये गं, पोथी वाच जरा. तुझा आवाज कसा कानाला गोड लागतो." प्रेमला पेठेतली, शिकलेली, बोलणं स्वच्छ. वासंतीबाई मुळशीकडच्या, त्या चुलीपाशी भांडी आवरत ऐकत असायच्या. त्यांचा स्वतःच्या पोटचा मुलगा तेजस, तोही रात्री जेवला की उशी बगलेत मारून काकूच्या खोलीत पळायचा, कारण काकू गोष्टी सांगायची. आता तो जर्मनीत असतो. रविवारी फोन करतो, आणि पहिलं वाक्य असतं, "आई, काकू बरी आहे ना?" खायला माझ्याकडे आणि झोपायला तिच्याकडे, असा हा जन्माचा व्यवहार होता. वासंतीबाईंनी तो कधी बोलून दाखवला नाही, पण एक दिवसही त्या तो विसरल्या नाहीत.

पुढे शेत बिल्डरला दिलं. जिथं ज्वारी व्हायची तिथं सात मजली इमारत उभी राहिली. दोघा भावांचं फार सख्य, म्हणून त्यांनी तिसऱ्या मजल्यावर अगदी समोरासमोरचे फ्लॅट मागून घेतले. बायकांना विचारावं असं कुणाला सुचलं नाही. मग धाकटे दीर महिपती वारले, प्रेमलानं तुळशीची माळ घातली, आणि मासमच्छी तिच्या घरातून कायमची गेली. वासंतीबाईंना दिराचं दुःख मनापासून झालं. पण माळेचंही झालं, कारण आता सोसायटीतल्या बायका प्रेमलाला वाकून नमस्कार करायला लागल्या होत्या.

अशात चिंगी आली. पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीमागे एवढंसं पिल्लू ओरडत होतं. वासंतीबाईंनी ते पदरात गुंडाळून वर आणलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, जगवलं. पांढरी, पिवळी आणि काळी अशी तिरंगी मांजरी, नाकाची एक बाजू मात्र काजळ फासल्यासारखी. ती खायला लागली, दिवसा समोर प्रेमलाकडेही जाऊन बसायला लागली, तशी वासंतीबाईंनी तव्यावर सुकट भाजायला सुरुवात केली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या खेपेला आपली बाजू बळकट आहे. माळकऱ्याच्या घरात मांजराला काय मिळणार? दूधपोळी आणि अभंग. त्या मुद्दाम बाहेरचं दार सताड उघडं टाकून सुकट भाजू लागल्या. वास जिन्यात घमघमायचा, समोरच्या दारातून आत शिरायचा, आणि चिंगी शेपटी उभारून धावत यायची.

"अगं, दार तरी लाव," तात्याराव, त्यांचे यजमान, पेपराआडून म्हणायचे. "प्रेमला माळकरी आहे."

"मग नाक दाबून घ्यावं तिनं. मांजर उपाशी ठिवू काय मी?"

आपल्या जुन्या इरकलीची एक छोटी गोधडी त्यांनी चिंगीसाठी स्वतः शिवली, टोपलीत अंथरली आणि टोपली आपल्या दिवाणाशेजारी ठेवली. संध्याकाळी चिंगी गॅलरीच्या कठड्यावरून कुठंतरी जायची आणि पहाटे दूध मागायला परत यायची. मांजरच ते, रात्री पार्किंगमध्ये उंदरांमागे हिंडत असेल, असं वासंतीबाई धरून चालल्या होत्या. पहाटे आली की ती टोपलीत बसून घटकाभर अंग चाटायची. एवढ्यावर वासंतीबाई सोसायटीभर सांगत सुटल्या, "माझ्या गोधडीबिगर तिला झोपच लागत न्हाई." हे त्या प्रेमलासमोर तर आवर्जून सांगायच्या. प्रेमला हसून म्हणायची, "नशीबवान आहे हो पिलू." हो, पिलू. तिनं तिचं वेगळं नावही ठेवलं होतं. नाव ठेवायचा हिला काय अधिकार, या विचारानं वासंतीबाईंचा तिळपापड व्हायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चिंगी अंग खाजवायला लागली. मागच्या पायानं मान खाजवायची, मध्येच दचकून शेपटीच्या बुडाशी दात लावायची. वासंतीबाईंनी केस बाजूला करून पाहिलं तर कातडीवर मिरपूड सांडावी तसे काळे कण, आणि त्यातून एक तपकिरी ठिपका सुळकन पळाला. पिसू. त्यांच्या अंगावर शहारा आला. पण मागोमाग दुसरा विचार आला आणि तो फार गोड होता: या पिसवा माझ्या घरच्या नव्हेत. रोज फिनेल टाकून फरशी पुसणारी बाई मी, मला आजवर एक चावलेली नाही. म्हणजे या आल्या कुठून?

उत्तर चैत्रातल्या भजनाला मिळालं. प्रेमलाकडे बायका जमल्या होत्या, कैरीची डाळ आणि पन्हं चाललं होतं, आणि प्रेमला बसल्या जागी हळूच पदराआडून घोटा खाजवत होती. वासंतीबाईंची नजर घारीची. घोट्यावर लाल पुरळ होतं, एका ओळीत. त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "प्रेमला, तुझ्या गादीत पिसवा झाल्यात. माझ्या चिंगीला तुझ्याकडनंच लागल्या. तासभर देवापाशी बसतीस, त्यातली पाच मिनटं गाद्यांना दिली असतीस तर बरं झालं असतं."

एकदोघींनी पाय वर घेतले. प्रेमलाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "असतील हो अक्का," ती म्हणाली. "बघते मी." त्या दिवसानंतर बायका तिच्याकडे दारातूनच बोलून परत जाऊ लागल्या. वासंतीबाईंना वर्षानुवर्षांत इतकी शांत झोप लागली नव्हती.

पण प्रेमला बघते म्हणाली ती खरंच बघायला लागली. एके दिवशी चिंगी सुकट खायला आली तर तिच्या मानेवरचे केस ओले होऊन चिकटलेले, आणि औषधाचा उग्र वास. प्रेमलानं तिला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. न विचारता! आपल्या पातेल्यावर दुसरीनं स्वतःचं नाव घालून आणावं, तसं वासंतीबाईंना वाटलं. त्यांनी चिंगीला उचललं, मोरीत नेलं आणि कोमट पाण्यानं, साबण लावून, तो वास जाईस्तोवर घासून धुतली. चिंगीनं त्यांच्या दोन्ही हातांवर ओरखडे काढले. वासंतीबाईंनी त्यावर हळद लावली आणि तात्यारावांना सांगितलं, "स्वच्छ केली तिला. कायबाय फासून पाठवतात लोक."

पिसवा गेल्या नाहीत. प्रेमलाला वाटलं औषध कमी पडलं. काही आठवड्यांनी तिनं पुन्हा थेंब टाकून आणले, आणि वासंतीबाईंनी पुन्हा अंघोळ घातली. "औषधानं काय होतंय," त्या जिन्यात भेटेल तिला सांगत. "मूळ घरात घाण हाय त्याला औषध काय करणार?"

चिंगी आता सुकटीचा वास आला तरी धावत येईना. आली तरी दारात थांबून आधी मोरीकडे बघायची. मग खाणंच कमी झालं. जूनमध्ये एका सकाळी वासंतीबाईंनी तिला टोपलीतून उचललं तर हाताला वजनच लागलं नाही. तोंड उघडून पाहिलं तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. वासंतीबाई तशाच अनवाणी समोरच्या दारात गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रेमलाकडे काही मागितलं. "त्या डॉक्टरकडं चल गं माझ्यासंगं. ही जाती वाटतं."

एका रिक्षात दोघी शेजारी बसल्या. मांजर प्रेमलाच्या जाळीच्या पेटीत होतं आणि पेटी वासंतीबाईंच्या मांडीवर. ती मांडीवर कुणाच्या असावी यावरून जिन्यातच एक चकमक झाली होती आणि ती वासंतीबाईंनी जिंकली होती.

दवाखान्यातली डॉक्टर सुरुची तरुण होती, पण हात सराईत. तिनं बारीक फणी चिंगीच्या पाठीवरून फिरवली आणि फणीतले काळे कण ओल्या कापसावर झटकले. कापसावर लाल डाग पसरले. "ही पिसवांची घाण. हे लाल दिसतंय ते हिचंच रक्त," ती म्हणाली. "इतक्या पिसवा आहेत की मांजर रक्त कमी होऊन आजारी पडलंय. मला एक कळत नाही. मी दोनदा औषध दिलं होतं. त्यानंतर अंघोळ घातली होती का हिला?"

वासंतीबाईंच्या हातांवरचे ओरखडे अजून पुसट दिसत होते. त्यांनी नकळत पदर हातांवर ओढला.

प्रेमलानं त्या पदराकडे पाहिलं. मग ती डॉक्टरला म्हणाली, "मी घातली. मला माहीत नव्हतं. चूक झाली माझी."

"अहो काकू, दोन दिवस तरी पाणी लावायचं नसतं! औषध सगळं धुऊन गेलं. मांजराच्या जिवावर बेतलं असतं."

"हो ना," प्रेमला मान खाली घालून म्हणाली. "आता नाही होणार."

वासंतीबाईंना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना रडू आलं नाही, राग आला. चिंगीला आपण मारत होतो हे त्यांना कळलं, आणि ते काळजात रुतलं. पण त्याहून खोल रुतलं ते हे की बोलणी प्रेमलानं खाल्ली. म्हणजे चांगुलपणाही हिचाच. एवढीसुद्धा जागा ही बाई दुसऱ्याला सोडत नाही.

डॉक्टरनं चिंगीला इंजेक्शन दिलं, नवं औषध मानेवर टाकलं, आणि मग विचारलं, "ही झोपते कुठं?"

"माझ्याकडं," वासंतीबाई ताबडतोब म्हणाल्या.

प्रेमला वाकून पेटीची कडी नीट करायला लागली.

"मग तिथं जास्त लक्ष द्या. पिसू राहते मांजराच्या अंगावर, पण तिची अंडी गळून पडतात, आणि मांजर जिथं झोपतं तिथं सगळ्यात जास्त. गादी, गोधडी, गालिचा, फरशीच्या फटी. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, रोज व्हॅक्यूम फिरवा, फवारणी करून घ्या. एकदा करून भागणार नाही, कोषातल्या पिसवा पुढं कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. आणि पिसवा आहेत का हे बघायचं असेल तर पायात पांढरे मोजे घालून घरभर सावकाश फिरा. माणसाच्या पायाची ऊब लागली की त्या उड्या मारून मोज्यावर चढतात. पांढऱ्यावर लगेच दिसतात."

घरी आल्याबरोबर वासंतीबाईंनी तात्यारावांचे सकाळच्या फिरण्याचे पांढरे मोजे ओढून काढले आणि पायात चढवले. साडी घोट्याच्या वर खोचली. आधी त्या स्वयंपाकघरात फिरल्या, मग बैठकीत, मग दिवाणाभोवती. मोजे पांढरेशुभ्र. त्यांचा ऊर भरून आला. बघ म्हणावं प्रेमलेला, याला म्हणतात घर! शेवटी त्या टोपलीपाशी आल्या. पिसवा असल्याच तर इथं असणार. त्यांनी गोधडी जमिनीवर पसरली आणि तिच्यावर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली वाकून पाहिलं. एक ठिपका नाही.

आणि तेव्हा डॉक्टरचं बोलणं त्यांच्या डोक्यात नीट शिरलं. मांजर जिथं झोपतं तिथं.

तात्याराव दारातून बघत होते. "मिळाली का एखादी?"

"न्हाई," वासंतीबाई म्हणाल्या. घर इतकं स्वच्छ निघाल्याचं दुःख झालेली बाई तात्यारावांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.

मोजे तसेच पायात ठेवून त्या समोर गेल्या. प्रेमला बेडरूममध्ये चादरी काढत होती. "या ना अक्का," ती म्हणाली आणि लगेच सावध झाली, "नको, आत नका येऊ, इथं फार आहेत." वासंतीबाई आत गेल्या. पलंगाशेजारी चार पावलं टाकली असतील नसतील, पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उडू लागले. तीळ पेरावेत तसे दोन्ही घोटे भरून गेले. प्रेमला शरमेनं अर्धी झाली. "शी, अक्का, काढा ते मोजे. खरं होतं तुमचं. माझ्याकडच्याच आहेत."

वासंतीबाईंनी इतके महिने ज्याची वाट पाहिली ते हे वाक्य. पण त्यांचं लक्ष प्रेमलाकडे नव्हतंच. पलंगावर, उशीच्या अगदी कडेला, गादीत वाटीएवढा खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात पांढरे, पिवळे, काळे केस होते.

"ती हितं झोपती?"

"कधीतरी हो. येते चुकून."

"रोज?"

प्रेमला चादरीची घडी घालत राहिली. धुवायच्या चादरीची घडी कुणी घालत नाही.

"कधीपास्नं?"

"हिंडायला लागली तेव्हापासूनच," प्रेमला अखेर हळूच म्हणाली. "पोट भरलं की कठड्यावरून माझ्या गॅलरीत येते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

उशीच्या त्याच बाजूला एके काळी तेजसची उशी असायची. घर बदललं, पलंग बदलला, पण बाजू तीच. वासंतीबाईंना वाटलं, ओरडावं: सासू घेतलीस, पोर घेतलंस, मांजर घेतलंस, आणि आता पिसवासुद्धा तुझ्याचकडे! एवढीशी पिसू, तिलाही कळतं कुठल्या घरात राहावं. हेवा त्यांना आयुष्यभर वाटला होता, पण पिसवांचा हेवा वाटेल असं त्यांनी स्वतःबद्दलही कधी धरलं नव्हतं. त्या वळल्या आणि निघाल्या.

"अक्का, मोजे!" प्रेमला मागून ओरडली. "इथंच काढा, घरात जातील त्या!"

वासंतीबाईंनी मोजे काढले नाहीत. जिन्याची मधली जागा ओलांडून, आपला उंबरठा ओलांडून त्या सरळ दिवाणापाशी गेल्या. गोधडी अजून जमिनीवर पसरलेलीच होती. त्या तिच्यावर उभ्या राहिल्या, पाय एकमेकांवर घासले, बोटं हलवली, टाचा आपटल्या. मग खाली बसून त्यांनी मोजे काढले आणि गोधडीवर उलटे करून झटकले, अगदी शेवटच्या टोकापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तात्याराव दिवाणावर बसून पेपर वाचता वाचता थांबले आणि पोटरी करकरा खाजवू लागले. "अगं, आपल्याकडेपण झाल्या की."

"होणारच," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "झोपती ना ती हितं."

त्याच वेळी फवारणीची चौकशी करायला खालच्या मजल्यावरच्या दोघीतिघी वर आल्या होत्या आणि प्रेमलाच्या दारात, पाय जपून, लांब उभ्या होत्या. वासंतीबाई आपल्या दारातून बाहेर आल्या. "प्रेमलाला काय इचारता?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पिसवा आमच्याकडनं आल्यात. माझ्या गोधडीत बुजबुजाट हाय. मांजर माझ्याकडं झोपतं, तिच्याकडं न्हवं. फवारणी दोन्ही घरांत व्हायला पायजे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रेमलाच्या हातात उकळत्या पाण्यात टाकायच्या चादरी होत्या, आणि चिंगी तिच्या पायाशी अंग घासत होती. प्रेमलानं वासंतीबाईंच्या पायांकडे पाहिलं. कालचे मोजे तिनं पाहिले होते, आणि ते पायात घालून त्या कुठं गेल्या हेही.

"हो तर," ती मग त्या बायकांकडे वळून म्हणाली. "अक्कांच्या गोधडीशिवाय झोपच येत नाही तिला."

हेही हिनंच दिलं, हे वासंतीबाईंना कळलं. पोटात नेहमीच्या जागी दुखलं. तरी त्यांनी ते घेतलं, आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून दारात वाकून, साडी जराशी वर करून, घोटा खाजवायला लागल्या.